रोंडाच्या खोलीतले स्वस्त सामान

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावर सफरचंदे रंगवलेली आहेत, पण त्यांचा लाल रंग आता बराच उडाला आहे. माझा जन्म पाककृतींची कार्डे ठेवण्यासाठी झाला. केक आणि सूप यांच्या संगतीत आयुष्य मजेत जाईल असे मला वाटले होते. नशिबात मात्र दुकानात सूट मिळवून देणारी कुपने होती. सध्या मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका घराच्या तळघरात, ड्रॉवरमध्ये बंद आहे. कडी गंजली आहे, त्यामुळे आतल्या आतच बोलतो. जरा कान देऊन ऐका.

माझी मालकीण व्हर्ना. तिचा नवरा डेल पोलादाच्या कारखान्यात कामाला होता. कारखान्याला कुलूप लागले त्याच आठवड्यात तिने मला रिकामे केले आणि समोरच्या घरातल्या ओपलकाकूंकडे नेले. कुपनांच्या बाबतीत ओपलकाकूंचा हात धरणारे गावात कोणी नव्हते.

“रविवारचं वर्तमानपत्र आलं की बातम्या नवऱ्याला दे, मधली रंगीत पानं तू घे,” काकू म्हणाल्या. “कुपन काप, पण लगेच दुकानात धावू नकोस. ती वस्तू स्वस्त होईपर्यंत दम धर. आणि जायचं ते बुधवारी. बुधवारी दुकान कुपनावरची सूट दुप्पट धरतं.”

“आणि जे आपल्याला लागत नाही, त्याचं कुपन?”

“ते चर्चमधल्या टेबलावर ठेवून द्यायचं, ज्याला हवं तो उचलेल. फुकट असलं तरी नको ते नकोच, बाई!”

व्हर्नाने सगळे मन लावून ऐकले. शेवटचे वाक्य तेवढे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले.

पहिल्या बुधवारी ती गल्ल्यापाशी एकेक कुपन काढून देत होती, तेव्हा मागच्या रांगेतून एक माणूस ओरडला, “अहो, दुकानच विकत घेताय का? आमचं आइस्क्रीम वितळलं इथं!” व्हर्नाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण दर कुपनागणिक बिल खाली येत होते. बाहेर गाडीत बसल्यावर तिने मला छातीशी धरले आणि ती खूप दिवसांनी हसली. त्या हिवाळ्यात त्या घरात कोणी उपाशी झोपले नाही. मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

पुढे डेलला एका गोदामात नोकरी लागली. आता थोडी उसंत मिळेल असे मला वाटले. कसली उसंत! माझ्यात कुपने इतकी कोंबली जाऊ लागली, की झाकण लावायला व्हर्नाला अंगठ्याने जोर द्यावा लागे. प्रत्येक कुपनावर शेवटची तारीख छापलेली असते. त्या तारखांनी तिची झोप उडवली. जेवता जेवता ती उठायची आणि मला उघडून पाहायची. मी तिच्या पर्समध्ये कोंडलो होतो आणि ती माझ्यात.

एकदा डेलने विचारले, “व्हर्ना, आपल्याकडे मांजर आहे का?”

“नाही.”

“मग हे मांजराचं खाणं कुणी खायचं? मी?”

“जवळजवळ फुकटच मिळालं रे!”

डेलने म्यांव केले. तिला हसू आले नाही.

तळघर भरले, तेव्हा सामान वर चढले आणि रोंडाच्या खोलीत शिरले. रोंडा त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन ती दूर गेली होती; तिला टिली नावाची एक लहान मुलगी होती. साबण, शाम्पू, पास्त्याची खोकी रचता रचता तिचा पलंग दिसेनासा झाला.

एका रविवारी रोंडाचा फोन आला. तिचा नवरा तिच्यावर हात उगारू लागला होता. “आई, टिलीला घेऊन येऊ का गं?”

“विचारतेस काय? तुझी खोली आहे ना!” व्हर्ना म्हणाली. रोंडा शुक्रवारी येणार होती.

डेल लगेच उठला. “चल, खोली मोकळी करू. सगळं चर्चच्या अन्नवाटपाला देऊन टाकू.”

“आधी बुधवार होऊ दे. डायपरच्या कुपनांची तारीख शनिवारी संपतेय. घरात लेकरू येतंय आणि मी ती वाया घालवू?”

मला ओरडावेसे वाटले. पण पत्र्याला कंठ कुठला? बुधवारी ती गाडी भरून सामान घेऊन आली. लेकीसाठी म्हणून तिने लेकीची खोली आणखी भरली.

शुक्रवारी रोंडा आली. टिली तिच्या खांद्यावर झोपली होती. खोलीचे दार वीतभरच उघडले.

“आई, माझा पलंग कुठाय?”

“आहे गं, खाली आहे. एवढं बाजूला केलं की झालं.”

व्हर्नाने एक खोके ओढले आणि डायपरची चळत कोसळली. टिली दचकून रडू लागली.

“हे सगळं तुमच्यासाठीच आणलंय,” व्हर्ना म्हणाली.

“टिली तीन वर्षांची झाली, आई. डायपर केव्हाच सुटले तिचे. मला फक्त पाठ टेकायला जागा हवी होती.”

रोंडा समोर ओपलकाकूंकडे गेली. डेल तिची बॅग उचलून मागोमाग निघाला.

शनिवारी उरलेल्या कुपनांचा शेवटचा दिवस होता, म्हणून सकाळीच व्हर्नाने कोट चढवला, मला उचलले आणि किल्ली हातात घेतली. तेवढ्यात तिला खिडकीतून रोंडा दिसली. ती बॅगा पुन्हा गाडीत ठेवत होती. ज्या घरातून जीव मुठीत धरून निघाली, त्याच घरी परत चालली होती. काकूंकडे एकच खोली, तिथे ती किती दिवस राहणार?

व्हर्नाने मला शेगडीशेजारी आपटले आणि ती घरातल्या सपातांवरच रस्त्यापलीकडे धावली. खिडकी किलकिली होती, म्हणून मला ऐकू आले.

“रोंडा, नको जाऊस! चल, आत्ता दोघी मिळून सगळं बाहेर काढू.”

“आज शनिवार आहे, आई. तुझी कुपनं?”

“मरू देत!”

दिवसभर खोकी जिन्यावरून खाली उतरत होती. डेल गाडी भरून चर्चकडे नेई आणि रिकामी परत आणी. माझ्या पोटात इतकी कुपने होती, त्यांतले एकही त्या दिवशी बाहेर पडले नाही. त्या सगळ्यांची मुदत माझ्यातच संपली. संध्याकाळी पलंग सापडला. गादीत खोक्यांचे खोल खड्डे पडले होते. टिलीने त्यातलाच एक खड्डा पसंत केला आणि ती त्यात मुटकुळे करून झोपली. व्हर्ना दारात उभी राहून रडली. मग तिने मला या ड्रॉवरमध्ये ठेवले आणि पुन्हा उघडले नाही.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? इथे माझा जीव गुदमरतो. कुपने वाईट नसतात, त्यांनी एक हिवाळा त्या घराला जगवले आहे. तुम्हीही जरूर बचत करा. फक्त स्वस्त मिळाले म्हणून एखादी वस्तू घरी आणाल, तेव्हा ती कुणाच्या पलंगावर ठेवताय, तेवढे आधी पाहा.