ठेकेदाराचा कान

सिंदीच्या जिनिंगात आमी बाया कापूस वाहतो. रविवारी विहारात युनियनची मेघा आमाले मजुरीचा कायदा शिकवते. पण तिथं झालेलं बोलनं दुसऱ्या दिवशी ठेकेदाराले ठाऊक राहे. मले पक्कं वाटे, हे छत्तीसगडच्या बायायचंच काम आहे. ठेकेदारानंच त्या आनल्या, त्याच्याच शेडात राह्यतात, अन् ती फुलबाई तं उगाच हासत राह्यते. काऊन हासते?

मेघा म्हने, "धुरपतामावशी, असा संशय नका घेऊ." मी काय आयकतो! वर्ध्याच्या कामगार ऑफिसात तक्रार द्याले जाचं आहे, असं खोटंच उठवलं अन् एकेकीले वेगळा वार सांगतला. फुलबाईले सोमवार. माया नवरा ठेकेदाराचा ट्रॅक्टर चालवते. त्यानंई जेवता जेवता इचारलं, तं त्याले कोनालेच न सांगतलेला बुधवार सांगून टाकला.

मंगळवारी ठेकेदार मायापाशी आला. "काऊन वो धुरपता, उद्या वर्ध्याले चालली म्हनते?"

मी तोंडावरचं फडकं आनखी घट्ट बांधलं. फुलबाई टोपलं खाली ठेवून माया बाजूले येऊन उभी राह्यली. आता ती हासत नव्हती.

संध्याकाळी नवऱ्यानं भाकर मोडत इचारलं, "मंग, पक्कं काय उद्याचं?"

"फुलबाईले इचारून सांगतो," मी म्हनलं.