तळाचा अर्धा इंच

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. मला मान असती, तर ती खाली घालूनच हे सगळं सांगितलं असतं.

अलाबामातल्या एका पठारावरच्या घरात, जेवणाच्या खोलीतल्या कपाटावर माझा मुक्काम आहे. लोरेनने मला दुकानातून आणलं तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. साधे कागद तर मी छापायचोच, पण माझं नाव झालं ते भलत्यासलत्या मापांमुळे. जेलीच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या, पाककृतींची तळहाताएवढी कार्डं, लांबुळकी पाकिटं. लोरेन कात्रीने कागद कापून भरायची आणि मी बिनतक्रार छापून द्यायचो. “हा माझा उजवा हात आहे,” असं ती शेजारणींना सांगायची.

बिनतक्रार हे मी उगाच म्हटलं. पिवळी शाई जरा कमी झाली, खण जरासा उघडा राहिला, की मी टीं टीं करून घर डोक्यावर घ्यायचो. लोरेन वैतागायची आणि माझ्या पडद्यावर काय आलंय ते न वाचताच बटण दाबून मोकळी व्हायची. ती सवय तिला मीच लावली.

आमच्याकडचे लोक चर्चमध्ये चार बाजूंना समोरासमोर बसून गातात. पानावर सुरांच्या चार ओळी असतात, प्रत्येक बाजूची एक. ज्याची नजर त्याच्या ओळीवर, दुसऱ्याच्या ओळीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. लोरेनची ओळ सगळ्यात वरची. तिच्या ओपल आत्याची तिच्याखालची. वडिलांची, म्हणजे हर्शेलची, बेसची, खर्जातली ओळ सगळ्यात खाली.

हर्शेलचा धाकटा भाऊ डेलमस तिसरी ओळ, टेनर गायचा आणि गाणी रचायचाही. एका कुंपणावरून दोघा भावांचं बिनसलं आणि शेवटची दोन वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. फेब्रुवारीत डेलमस गेला. त्याच्या पुस्तकात हाताने लिहिलेलं एक नवं गाणं सापडलं. जूनमधल्या गायनाला, वर्षभरात गेलेल्यांची आठवण काढतात तेव्हा, तेच गायचं ठरलं. लोरेन ते वडिलांना दाखवायला गेली, तर हर्शेलने हात झटकला. पहिल्यांदा बघूनही मला अजून गाता येतं, रविवारीच बघेन, म्हणाला.

पान होतं आठ इंच रुंद आणि जेमतेम साडेपाच इंच उंच. डेलमसला कागद वाया घालवणं पसंत नसे, त्यामुळे त्याने अगदी कडेपर्यंत लिहिलं होतं. प्रती गाण्याच्या पुस्तकात बसाव्यात म्हणून लोरेनने त्याच मापाचे चाळीस कागद कापले. आता माझं एक व्यंग ऐका. कागदाचा शेवट मला रुळांत धरून ठेवावा लागतो, त्यामुळे तळाच्या अर्ध्या इंचापर्यंत माझी शाई पोचत नाही. मी पडद्यावर तसं लिहिलं, टीं केलं. लोरेनने न बघता बटण दाबलं. मी गप्प बसलो आणि चाळीस प्रती काढल्या.

लोरेनने आपली ओळ तपासली, ओपल आत्याने आपली. दोघी खूश झाल्या. मूळ पान मात्र नक्कल काढायला ठेवलं होतं तिथेच, माझ्या झाकणाखालच्या काचेवर, पालथं राहिलं.

रविवारी दुपारी तिघं परतली. चर्चच्या पंगतीला नेलेलं डम्पलिंगचं भांडं रिकामं होतं, म्हणजे जेवण झकास झालं असणार. पण चेहरे उतरलेले होते. हर्शेलने आपली प्रत टेबलावर ठेवली.

“तीनच ओळी आहेत. सगळे गायले, आणि आमचे बाक आ वासून बसले.”

“जुन्या गाण्यांत असतात की तीन,” ओपल आत्या म्हणाली.

“असतात. पण डेलमसनं जन्मात कधी बेस सोडला नव्हता. माझ्यावरचा राग वर जाताना घेऊन गेला तो.”

लोरेनने मूळ पान शोधायला पुन्हा एकदा पर्स उपसली. मग तिला आठवलं आणि तिने माझं झाकण उचललं. मला लपायला जागा नव्हती.

“डॅडी,” ती म्हणाली, “चौथी ओळ आहे. या खोक्याने खाल्ली. आणि मी बघितलं नाही.”

ओळीच्या खाली, अगदी कडेला, बारीक अक्षरात लिहिलं होतं: हर्शेल, इथे पळू नकोस.

हर्शेलने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. “अशा जागी मी नेहमी तालाच्या पुढे पळतोच,” तो म्हणाला, आणि उभा राहून, हाताने ताल धरून गायला लागला. लोरेन आणि ओपल आत्या सामील झाल्या. टेनरची जागा रिकामी राहिली. चर्चमध्ये टेनर होते, पण बेस नव्हता. दोघा भावांचे सूर त्या दिवशी एकत्र येणार होते, ते माझ्यामुळे आले नाहीत.

हर्शेल त्या जागी पळाला नाही.

मित्रांनो, वेगळ्या मापाचं काही छापायचं असेल तर मोठ्या कागदावर छापा आणि मग कापा. यंत्र बोललं तर कटकट वाटली तरी वाचा. आणि निघण्यापूर्वी खालची ओळ बघा, ती तुमची नसली तरी.

लोरेनने नव्या प्रती मोठ्या कागदावर काढल्या. मला कोणी रागावलं नाही. पण हर्शेल अजूनही येता-जाता माझं झाकण उचलून आत बघतो. काच रिकामी असते. तो झाकण हळूच खाली ठेवतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.