नळातली हवा

अलफियाचं डोकं म्हणजे तापलेला तवा. शिंतोडा पडला की चर्र! दहावीत सरांशी भांडून तिनं शाळेला शेवटचा सलाम ठोकला, तेव्हापासून मोबाइल घेऊन आवाज गोळा करत फिरायची. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात, एसटीचं कुरकुरतं दार, नरडाण्याच्या रेल्वे फाटकावरची घंटा, रहिमाबी खालाच्या बोकडाचं खोकणं. सगळं जुन्या लॅपटॉपात घालायचं, ताणायचं, उलटं करायचं, एकावर एक चढवायचं. ती त्याला संगीत म्हणायची. गल्ली डोकेदुखी म्हणायची.

पुण्याच्या संगीत शिबिरात नाव लागायला अट एकच होती. दहा माणसं तुमचं संगीत शेवटपर्यंत ऐकतायत असा व्हिडिओ आज सातच्या आत पाठवा.

साडेपाचला श्रोते दोन. एक बोकड, तोही बांधलेला होता म्हणून. दुसरा भाऊ फैज, गेम खेळत.

"फैज, मान तरी वर कर!"

"व्हिडिओतनं मान कापून टाक माझी."

अलफियाचं टाळकं सटकलं. गल्लीतल्या रमीजच्या मंडपाच्या दुकानातला भोंगा तिनं आणला, गल्लीच्या सामायिक नळाशेजारी आपल्या ओट्यावर ठेवला आणि आपलं संगीत फुल आवाजात लावलं.

सुरुवातच नळातल्या हवेनं होती. फस्स... घर्र... फुस्स.

आता धुळ्यात हा आवाज ऐकून कोण घरात बसेल? नळ येतो आठ दिवसांनी, आणि पाण्याआधी येते हवा. धडाधड दारं उघडली. रहिमाबी पीठभरल्या हातानं हंडा घेऊन, सुभाषचंद शेठची चंदनबाई दोन कळश्या घेऊन, चिंधाआबा अर्धी दाढी करून बादलीसकट.

"पानी उनं का व?" आबांना धाप लागलेली.

"नाही आलं आबा! रेकॉर्डिंग आहे!"

"हो, रेकॉर्डिंग!" चंदनबाई म्हणाली. "आम्ही घरी गेलो की तुझी अम्मी पाच हंडे भरणार."

"नळ कोरडा आहे, मावशी! हात लावून बघा!"

"हवा चालूय ना? मग येईल," रहिमाबी म्हणाली.

"भोंग्यातनं चालूय, खाला!"

"ओरडू नको. नंबरात उभी राहा."

"तुम्ही जा ना मग घरी," चंदनबाई रहिमाबीला म्हणाली.

"आधी तुम्ही जा."

"मी आठून हालस नई," म्हणत आबांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

अलफिया शिवी हासडणार, एवढ्यात तिची नजर रांगेवरून फिरली. एकोणीस! तिनं गपचूप मोबाइल भिंतीला टेकवला आणि व्हिडिओ चालू केला.

तात वाजली, दार कुरकुरलं, घंटा झाली. मधूनमधून फस्स चालूच. "हा तर माझा बोकड," रहिमाबी पुटपुटली, तर चंदनबाईनं "शूः!" केलं. पाणी आलेलं ऐकू यायला नको?

सहाव्या मिनिटाला पाणी आलं. भोंग्यात. रिकाम्या हंड्यात ठण्ण पडलेली धार, मग हंडा भरत जाईल तसा चढत गेलेला सूर. आबांनी उठून बादली नळाखाली सरकवली. नळ कोरडाच. भोंग्यातला हंडा काठोकाठ भरला, सांडला आणि आवाज थांबला.

"संपलं," अलफिया म्हणाली. व्हिडिओ बंद केला, ओढणी खोचली. आता शिव्या पडणार, आणि आपणही चार देणार.

कोणी हललं नाही. रहिमाबीनं हंडा या काखेतनं त्या काखेत घेतला.

"ए पोरी, ते हंडा भरला ना शेवटी, तेवढं परत लाव बरं."

"लाव, लाव," मागून चंदनबाई म्हणाली. "पण कोणी नंबर मोडू नका."