चार कोपऱ्यांतले आंबे

फिलिपिन्समधल्या ग्विमारास बेटावरच्या आमच्या वाडीत माझ्या परवानगीशिवाय आंबा उतरत नाही. चाळीस वर्षं झाली. मिठाच्या पाण्यात फळ बुडलं तर तयार, तरंगलं तर कोवळं. सकाळचं दव वाळल्याशिवाय झाडाला शिडी लागत नाही. आणि ज्याच्या हातून सालीवर चीक सांडेल, त्याला त्या दिवशी माझ्या घरी जेवण नाही. माझा मुलगा रेनान यापायी किती वेळा उपाशी राहिलाय, ते त्यालाच विचारा.

जुवी माझी सून. मी तिला इंदाय, म्हणजे पोरी, म्हणते; ती मला नानाय, म्हणजे आई. सात वर्षं हाँगकाँगला दुसऱ्यांची पोरं सांभाळून परत आली, तर तिची स्वतःची दोन पोरं तिला 'आंटी' म्हणाली. त्या दिवशी तिनं पुन्हा न जाण्याचं ठरवलं. तालुक्याला जाऊन आठ दिवसांचं शिक्षण घेतलं आणि आमच्या शेडमध्ये गरम पाण्याचं टाकं बसवलं. आंबा उतरवायचा, बावन्न-त्रेपन्न अंशांच्या पाण्यात मोजून दहा मिनिटं बुडवायचा, मग गार करायचा, पंख्याखाली वाळवायचा.

"आंब्याची पेज करतेस का गं, इंदाय?" मी म्हटलं. "की आंघोळ घालून चर्चला पाठवणारेस त्यांना?"

"नानाय, करपा रोग मोहोरातच शिरतो. फळ हिरवं असेपर्यंत तो सालीखाली झोपून असतो. आंबा पिकायला लागला की उठतो. देठकुजीचंही तसंच. झोपेतच मारायचं त्यांना."

"माझ्या आंब्यात कोणी झोपत नाही," मी म्हटलं.

मग समोरच्या इलोइलो शहरातून गारिबाय नावाचा व्यापारी आला. परदेशी जहाजानं माल पाठवणारा, इस्त्रीच्या शर्टातला. त्याचं म्हणणं सरळ होतं. चाळीस आंब्यांचं एक खोकं भरायचं, तो त्यावर सही करून चिकटपट्टी लावणार, आणि जहाजाला लागतात तेवढे बारा दिवस ते आमच्याच शेडमध्ये ठेवायचं. तीनपेक्षा जास्त आंबे डागी निघाले, तर त्याचा रस्ता वेगळा. नाही निघाले, तर पुढल्या हंगामापासून माल आमच्या नावानं जाणार, आणि शेडचं काम वर्षभर जुवीच्या हाती.

"आणि नाही जमलं तर?" मी तिला विचारलं.

"हाँगकाँगच्या एजन्सीचं पत्र पेटीत आहे, नानाय. तेरा तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. दोन पोरांचं शिक्षण काय पडेल भावानं आंबा उचलणाऱ्या धक्क्यावरच्या दलालाच्या दयेवर होणार?"

आता माझं पाप सांगते. खोकं भरून झालं होतं. गारिबाय बाहेर नारळपाणी पीत होता, जुवी टाक्याखालची शेगडी विझवायला गेली होती. मी चारही कोपऱ्यांतला एकेक आंबा काढला आणि तिथं माझे चार ठेवले. त्याच झाडाचे, त्याच दिवशी उतरवलेले, पण तिच्या पाण्याचा थेंबही न लागलेले. तिचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं, देवाशपथ. खोकं उघडल्यावर चाळीसच्या चाळीस सोन्यासारखे निघतील आणि मी सगळ्यांसमोर म्हणेन, "हे चार बघा, यांनी टाक्याचं तोंड पाहिलं नाही," एवढंच हवं होतं मला. काढलेले चार मी घरातल्या सांतो निन्योपुढे ठेवले. बाळ येशूला आंबा वाहिला तर कोण विचारणार?

नवव्या दिवशी खोक्याच्या भोकांतून वास आला. इतका बारीक, की माझ्या नाकाशिवाय कुणाला कळला नसता. आणि देवापुढचे चार मात्र रोज पिवळे होत होते, एक ठिपका नाही. रोज सकाळी प्रार्थनेला हात जोडायचे आणि डोळे मिटायच्या आधी त्यांच्याकडे पाहायचे. ते चार माझ्याकडे पाहून हसतायत असं वाटायचं.

त्याच दिवसांत जुवी थोरल्या लेकीला भात शिजवायला शिकवत होती. "पाणी बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. मी नसले तर भावाला आधी वाढ." मी ते ऐकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. मानेतलं हाड वाकत नाही माझ्या.

बाराव्या दिवशी गारिबायनं पट्टी कापली, वरचा कागद उचलला. मधले सगळे पिवळेधमक. चार कोपऱ्यांत चार काळे, एकाच्या देठाशी तर पाणी सुटलेलं.

"चार," तो म्हणाला. "एकानं गेलं, मॅडम."

जुवीनं एप्रनला हात पुसले, जसे कुणी घर सोडताना पुसतं.

"ते चार माझे आहेत," मी म्हटलं.

रेनान म्हणाला, "नानाय, गप्प बसा हो."

"तू गप्प बस. ते मी घातलेत. न बुडवलेले. हिचे चार मी काढून घेतले."

गारिबाय हसला. "लोला, सुनेवर माया आहे तुमची, कळतं मला. पण असं खोटं..."

"मी तुझी लोला नाही, आजी घरच्या पोरांची आहे. आणि मला खोटं बोलायचं असतं तर यापेक्षा चांगलं बोलले असते. बघ जरा! चारच, आणि चारही कोपऱ्यांत? रोग काय फूटपट्टी घेऊन आला होता?"

त्याचं हसू गेलं. मी घरात गेले, सांतो निन्योची क्षमा मागितली आणि त्याच्यापुढचे चार आंबे ओच्यात घालून आणले. बारा दिवसांचे, उघड्यावर मेणबत्तीच्या धुरात राहिलेले. काळ्यांच्या शेजारी मांडले. गारिबायनं एकेक फिरवून पाहिला, देठाशी अंगठा दाबला, मग खिशातला चाकू काढून एक कापला आणि तिथंच उभ्यानं खाल्ला. कोपरापर्यंत रस गेला, इस्त्रीच्या बाहीवर.

"एकाच झाडाचे?"

"एकाच फांदीचे," मी म्हटलं. "उतरवलेत मी."

"अशी परीक्षा माझ्या माणसांनाही सुचली नसती," तो म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. माझ्याकडे नाही, जुवीकडे. बरोबरच केलं.

तो गेल्यावर जुवी माझ्याकडे वळली. "नानाय, तुम्ही मला विमानात बसवलंच होतंत."

"हो," मी म्हटलं. "आणि उतरवलंही मीच. आता ते पत्र आण इकडे. टाक्याखालची शेगडी पेटवायला कागद लागतो."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात तापमापक दिला आणि बावन्नची रेघ दाखवली. आकडे मला येतात, एवढे.

त्यानंतर दर हंगामात जुवी एका खोक्याच्या कोपऱ्यांत चार आंबे न बुडवता ठेवते, आणि व्यापारी आले की त्यांच्यासमोर उघडते. काळ्यांकडे बोट दाखवून म्हणते, "ही आमच्या नानायची पद्धत." सगळे हसतात. मी हसत नाही. मी खुर्चीत ताठ बसून विचारते, "आणि मधले छत्तीस?"

"ते मी बुडवले," ती म्हणते.

"उतरवले कुणी?"

"तुम्ही, नानाय."

"हं," मी म्हणते. "मग आता काप एक, पाहुण्यांना दे."