भरलेली टाकी

माझा धाकटा भाऊ आमदार आहे, पण गल्लीत त्याला अजूनही बंबच म्हणतात. कुठे आग लागली की धावणारा बंब. नगरसेवक होता तेव्हा कुणाचं गटार तुंबलं, कुणाचा दिवा गेला, की हा हातातला घास टाकून निघायचा. पहिल्याच रिंगला फोन उचलायचा आणि म्हणायचा, "तुम्ही जागेवरून हलू नका, मी बघतो." या एका वाक्यावर तो निवडून येत गेला. स्वतःच्या लग्नातसुद्धा शेजारच्या इमारतीचा फ्यूज बसवायला गेला होता. नवरी तोंड फुगवून बसली आणि पाहुणे टाळ्या वाजवत होते. मला त्याचं कौतुक होतं, आणि डोक्याला तापही होता.

आमचं सूतिकागृह त्यानेच नगरसेवक असताना उभं केलं. थोड्याशा खाटा, प्रसूतीची एक खोली, गच्चीवर पाण्याची टाकी. मी तिथली इन्चार्ज सिस्टर. तो आमदार झाला आणि वर्षभरात सरकारने ठरवलं, की लहान सूतिकागृहं बंद करायची आणि सगळ्या बायकांना शहराबाहेरच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं. तिथे पोचायला तास लागतो. कळा काही तासभर थांबत नाहीत, पण हे कागदावर सह्या करणाऱ्यांना कोण सांगणार?

भावाने मंत्र्यांना गाठलं. ते म्हणाले, सभागृहात विषय मांडा, मी तिथेच उभा राहून तुमचं सूतिकागृह वगळतो. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी त्याची लक्षवेधी सूचना कामकाजात लागली. नियम सरळ होता. नाव पुकारलं तेव्हा सदस्य जागेवर हवा, नाहीतर विषय बाद.

आदल्या दिवशी मी त्याला बजावलं, "उद्या फोन बंद ठेव."

"बंद कसा ठेवू ताई? लोक काय म्हणतील?"

"एक दिवस तू नसलास तर जग बुडत नाही."

"बरं बाई, खिशात ठेवतो. उचलणार नाही."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीबाहेरचा टीव्ही लावून आम्ही बसलो. पोटुशा बायका, त्यांच्या सासवा, सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. तो दिसला. इस्त्रीचा सदरा, हातात घट्ट धरलेला कागद. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. मग त्याने खिशात हात घातला, वाकून काहीतरी ऐकलं आणि उठून बाहेर गेला. मी म्हटलं, येईल.

अध्यक्षांनी नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. मंत्री उभे राहून त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. "सदस्य अनुपस्थित. पुढचा विषय." संपलं.

थोड्याच वेळात फाटकाशी हॉर्न वाजला. पाण्याचा टँकर होता. आमची आया हात पुसत आली.

"सिस्टर, टाकीत खडखडाट होता आणि आत बाई कळा देत होती. मी दादांना फोन लावला. लगेच पाठवला बघा."

तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला तिच्यावर ओरडताही येईना. पण भिंतीपलीकडे मी बसले होते ना! पाणीपुरवठ्याला फोन करायला माझे हात मोडले होते का? पण आमच्याकडे कुणाला ते सुचतच नाही. त्यानेच सगळ्यांना तशी सवय लावली.

संध्याकाळी तो थेट सूतिकागृहात आला. तोच कागद घडी करून हातात होता.

"ताई, टँकर वेळेवर आला ना?"

त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं.

"आला. टाकी काठोकाठ भरली आहे. महिनाअखेर त्याच पाण्याने फरशी धुते आणि किल्ली देऊन टाकते."

तो बाकावर बसला. "दोनच मिनिटं गेलो होतो गं. तुमची आया रडत होती फोनवर."

"टँकर कुणीही मागवला असता. तुझ्या जागेवरून बोलणारा तू एकटाच होतास."

 त्याचे डोळे भरले होते. खिशातला फोन वाजला. त्याने माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

"तुम्ही जागेवरून हलू नका," तो म्हणाला, "मी बघतो."