भागाकाराचे चौदा दिवस

"एक थोरल्याला, एक धाकटीला, एक न आलेल्या पाहुण्याला, फिरून हात, फिरून वाटा, उरलंसुरलं मुंगीताईला."

आईचा आवाज होता तो. चाळीस वर्षं झाली त्याला. चिकपेटमधल्या दोन खोल्यांच्या घरात, बसवनगुडीच्या जत्रेतून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा जमिनीवर ओतून ती वाटायला बसायची. पाच मुलांचे पाच ढीग आणि सहावा, ऐनवेळी कुणी दार वाजवलं तर त्याचा. हात गोल फिरायचा, शब्द गोल फिरायचे. शेवटी दोन-तीन शेंगा राहिल्या की त्या कुणाच्याच नाहीत. त्या उंबऱ्याशी, मुंग्यांना. आई दुसरीपर्यंत शिकलेली, पण तिच्या ढिगातली एक शेंग कधी इकडची तिकडे झाली नाही.

तो आवाज अहल्याला आठवला दसऱ्याच्या सुट्टीत, भर दुपारी, जेवणाच्या टेबलावर कॅलेंडर पसरून बसली असताना. हेब्बाळच्या शाळेत ती बावीस वर्षं चौथीला गणित शिकवत होती. दुसऱ्या टर्मचं नियोजन शनिवारी ठरायचं होतं. हातात पेन्सिल, कानात आई.

टर्मचे बासष्ट दिवस. कन्नड राज्योत्सवाचे दोन गेले: एक रंगीत तालमीचा, एक खरा. खेळांचे तीन गेले. गॅदरिंगचे सहा. उरले एकावन्न. त्या एकावन्नांत भागाकार, अपूर्णांक, वजन-मापं, घड्याळ आणि आकृत्या बसवायच्या. शाळेच्या तयार तक्त्यात भागाकाराला चार दिवस होते. अहल्यानं उजळणीचा आठवडा खोडला, त्याचे पाच मिळाले. टॅबलेटवरच्या चाचण्या खोडल्या, त्यांचे पाच मिळाले. चारात दहा घालून चौदा झाले, आणि त्या चौदा चौकटींभोवती तिनं अशी जाड रेघ मारली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

पहिले चार दिवस वही बंद. नुसतं वाटायचं. शेंगा वाटायच्या, बटणं वाटायची, वर्गातलीच मुलं तीन-तीनच्या घोळक्यांत वाटायची. पाचवा आणि सहावा दिवस उरलेल्याचा. बसमध्ये चाळीस माणसं मावतात आणि स्टॉपवर बावन्न उभी आहेत. मग बारांना सोडून जायचं का? सातव्या दिवशी काढत राहायचं, काढत राहायचं, संपेपर्यंत. आठव्या दिवशी गुणाकाराला बोलवायचं आणि सांगायचं, हा बघा, हा भागाकाराचा सख्खा भाऊ. चिन्ह नवव्या दिवशी, मांडणी दहाव्या. तेरावा दिवस तिनं कोरा ठेवला. बावीस वर्षांचा अनुभव होता: तेराव्या दिवशी कुणाचं ना कुणाचं अडतंच.

आता हा चार दिवसांचा आकडा आला कुठून? तो पक्का झाला होता अहल्याच्याच वर्गामुळे.

गेल्या वर्षी शाळेच्या पाचही शाखांत भागाकार प्रयोग म्हणून चार दिवसांत शिकवला गेला आणि पाचव्या दिवशी सगळीकडे एकच पेपर झाला. कुठे एकेचाळीस टक्के पडले, कुठे पंचावन्न. अहल्याच्या वर्गाला पडले चौऱ्याण्णव. या शाखेची गणिताची कोऑर्डिनेटर सुखदा आनंदानं नाचायचीच बाकी होती. तिनं अहल्याचा फोटो आणि तो आकडा एकत्र छापून मुख्य ऑफिसला पाठवला. "अहल्याताईंची पद्धत" असं नाव पडलं. प्रिन्सिपल बाईंच्या खोलीत त्या फोटोची चौकट लागली.

पद्धत कसली! पेपरच्या प्रती काढायचं काम अहल्याकडे होतं. त्या वर्षी आधीच्या एका पेपरात आकडे कमी आले म्हणून दोन शिक्षकांना नारळ मिळालेला, आणि तिच्या वर्गाला चार दिवसांत काही म्हणजे काही जमलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी तिनं फळ्यावर दहा गणितं लिहिली, पेपरातलीच दहा, त्याच क्रमानं. वर लिहिलं, 'सराव'. मुलांनी गुणीपणानं उतरवून घेतली, घरी पाठ केली.

कुणाला कळलं नाही. वर्ष उलटलं. मग जुलैत एक दिवस सुप्रीता स्टाफरूमच्या दारात आली. गेल्या वर्षी भागाकारात वीसपैकी वीस मिळवलेली, आता पाचवीत गेलेली. वाढदिवसाचा फ्रॉक, हातात टॉफींचं पाकीट.

"मिस, शहाण्णव आहेत. वर्गात आम्ही बत्तीस. सगळ्यांना सारख्या द्यायच्यात." आणि मग कन्नडमध्ये, अगदी विश्वासानं, "कूडबेका, कळीबेका?"

बेरीज करू की वजाबाकी?

"तीन-तीन दे, पुट्टी," अहल्या म्हणाली. पोर उड्या मारत गेली. आणि अहल्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा एकदा तिच्या हातात नुसतं उत्तरच ठेवलं.

शनिवारी सकाळी स्टाफरूममध्ये तिचा कागद पहिल्यांदा महांतेशनं पाहिला. तो चौथीचा दुसरा वर्ग शिकवायचा. विजापूरकडचा माणूस, मराठी झक्क बोलायचा.

"अक्का, चौदा दिवस? अहो, चौदा दिवसांत माझ्या मामाचं लग्न ठरलं, झालं आणि मोडायलाही आलं."

"मग तुझ्या मामाला भागाकार नाही जमायचा."

सुखदा लॅपटॉप सांभाळत आत आली. ती पुण्याची, चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेली. पहिल्या वर्षी ऑटोवाल्याला काय म्हणायचं, भाजीवालीला काय म्हणायचं, सगळं तिला अहल्यानंच शिकवलं होतं. अजूनही अहल्याच्या डब्यातलं चित्रान्न अर्धं तिचंच असायचं.

"ताई, हे चौदा चुकून पडलंय ना? चार लिहायचं होतं?"

"नाही ग. चौदाच."

"आणि हे काय, शेंगा? ताई, सीरियसली? आज शीट लॉक होणारे. पाचही शाखांत सोमवारी एकच पान उघडायला हवं."

"पान उघडतील की. सांगितलं की उघडतात, गुणी आहेत पोरं."

"एखाद्याला शेंगांची ॲलर्जी निघाली म्हणजे?"

"मग बटणं. मग चिंचोके. मग गेटवरची खडी. खडीची कुणाला ॲलर्जी असली तर स्वल्प आधी सांग."

महांतेश खो खो हसला. सुखदा नाही हसली.

दहा वाजता मीटिंग सुरू झाली. प्रिन्सिपल कावेरी मॅडम टेबलाच्या टोकाला बसल्या. भिंतीवर तक्ता उजळला: रांगेत आठवडे, चौकटींत धडे आणि भागाकाराच्या चार चौकटींखाली बारीक अक्षरांत अहल्याचं नाव. अहल्यानं आपला पेन्सिलीचा कागद पुढे सरकवला. मॅडमनी तो चष्मा वर करून वाचला आणि शांतपणे कन्नडमध्ये, नावापुढे आदराचं 'अवरे' लावून म्हणाल्या, "अहल्या अवरे, उजळणी काढून टाकली तुम्ही. चाचण्या काढल्या. का?"

"कळलेलंच नसेल मॅडम, तर उजळायचं काय?"

"पण तुम्ही स्वतः हे चार दिवसांत करून दाखवलंय. खाली तुमचं नाव आहे."

"ते नाव काढा."

महांतेशनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

"बरं, सहा करू," मॅडम म्हणाल्या. "दोन जास्त. खूश?"

"नाही मॅडम."

"आठ. याच्या पुढे मला मुख्य ऑफिसला उत्तर द्यावं लागेल."

"चौदा. आईच्या पोटातून कुणी भागाकार शिकून येत नाही. चार दिवसांत मुलं हात कसा हलवायचा ते शिकतात. भाग द्या, गुणा, वजा करा, खाली घ्या. का, ते विचारा कुणालाही. आपल्यालाच विचारा. या टेबलाभोवतीच्या किती जणांना सांगता येईल, खाली घ्या म्हणजे काय खाली येतं?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि चहाची सुट्टी दिली.

व्हरांड्यात सुखदानं तिला गाठलं. हातातल्या कपातला चहा हिंदकळत होता.

"ताई, ऐका ना माझं. तुमच्या वर्गात करा तुम्ही चौदा. शेंगा आणा, खडी आणा, हत्ती आणा. शीटवर मी चारच दाखवते. कोण येतंय बघायला? विषय संपला."

अहल्यानं कठड्याला हात टेकले. खाली मैदानावर चुन्याच्या पट्ट्या नव्यानं आखल्या होत्या. इतकं सोपं होतं. चौदाच्या चौदा दिवस तिच्या ओंजळीत आयते पडत होते. कुणाला दुखवायचं नाही, काही बोलायचं नाही.

"आणि महांतेशच्या वर्गात?"

"ते तुमची पद्धत वापरतील. चार."

"बोम्मसंद्र्याला?"

"तिथेही. ताई, सगळीकडे तेच तर आहे."

बोम्मसंद्र्याच्या शाखेत मैत्रेयी होती, चोवीस-पंचवीस वर्षांची नवी शिक्षिका. तिच्या वर्गातली मुलं आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांची. गेल्या वर्षीच्या पेपरात तिच्या वर्गाला एकेचाळीस टक्के पडले, तेव्हा तिनं अहल्याला फोन केला होता आणि फोनवरच रडली होती. "अक्का, तुमच्या मुलांना चार दिवसांत येतं, माझ्या मुलांना का येत नाही? मीच वाईट शिकवते का हो?" अहल्यानं काय सांगितलं होतं? "जमेल हळूहळू." इतकंच. फोन ठेवून ती भांडी घासायला गेली होती, आणि एकच पातेलं कितीतरी वेळ घासत राहिली होती. ते एकेचाळीस खरे होते. पाच शाखांमधल्या त्या सगळ्या आकड्यांत आपला तेवढा खोटा, आणि त्याच्याच मापानं बाकीच्यांना मोजलं जातंय.

"सुखदा, तो आकडा खाली उतरव."

"कसा उतरवू?" सुखदाचा आवाज एकदम बारीक झाला. "मुख्य ऑफिसमध्ये मी तो घेऊन उभी राहिलेय. पुढच्या महिन्यात पाचही शाखांचं गणित माझ्याकडे येणारे, ते त्याच्यावरच. तुम्हालाही सगळ्या शिक्षकांना ट्रेनिंग द्यायला बोलावणारेत. ताई, गेल्या वर्षी सगळं इतकं छान झालं. मग अडतंय कुठे? काय झालंय नेमकं?"

अहल्यानं तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी याच व्हरांड्यात ही मुलगी भर दुपारी एकटी डबा खात बसायची. तिच्याशी वाकडं व्हायचं अहल्याच्या जिवावर आलं होतं. ओठांपर्यंत आलेलं तिनं गिळलं.

"चहा पी. गार होतोय."

मीटिंग पुन्हा बसली. मॅडमनी निर्णय सांगितला: चर्चा चांगली झाली, अहल्या अवरेंच्या सूचनांचा पुढल्या वर्षी विचार करू, यंदा तक्ता आहे तसाच. भागाकार चार दिवस. सगळ्यांना मान्य?

"मान्य," दोन-तीन जण पुटपुटले. महांतेश टेबलाकडे बघत राहिला.

"सरी, ठरलं तर. मग सुखदा, लॉक करा."

सुखदानं माऊसवर हात ठेवला. पडद्यावरचा बाण चौकटींवरून सरकत कोपऱ्यातल्या कुलपाच्या चित्राकडे निघाला.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. अहल्या उभी राहिली होती. तिनं टेबलाची कड धरली. मग ती बोलली. बावीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज होता तो.

"थांब. आधी माझं ऐक, मग कुलूप लाव."

"अहल्या अवरे, बसा," मॅडम म्हणाल्या.

"उभीच बरी आहे मी. माझ्याविरुद्ध काय लिहायचं ते लिहा मॅडम, काढायचं तर काढा. तुमच्या खोलीतली ती चौकट आज संध्याकाळी मीच उतरवून नेईन." मग ती सुखदाकडे वळली. मीटिंगमध्ये बाकी सगळ्यांशी ती कन्नडमध्ये बोलत होती; हिच्याशी मराठीतच बोलायला हवं होतं. "सुखदा, तुला हे व्हरांड्यातच सांगायला हवं होतं. खरं तर गेल्या वर्षीच. घाबरले ग."

सुखदाचा हात माऊसवर तसाच राहिला.

"गेल्या वर्षी पेपर माझ्याकडे होता. आदल्या दिवशी मी तो फळ्यावर लिहिला. तीच दहा गणितं, त्याच क्रमानं. मुलांनी पाठ करून आणली. ते चौऱ्याण्णव टक्के माझ्या खडूचे आहेत. माझ्या मुलांना भागाकार येत नव्हता, सुखदा. मी शिकवलाच नव्हता."