चाकू लपवले, बत्ता राहिला

मित्रांनो, मी एक जुना बत्ता आहे, आणि मारणं हाच माझा धंदा आहे. चाकू कापतो, किसणी किसते, मी मारतो. मला दुसरं काही येत नाही. तेव्हा माझी गोष्ट गोड असेल अशी आशा धरू नका.

माझा जन्मही मारहाणीतूनच झाला. भंगारात आलेल्या एका यंत्राचे घणाने तुकडे केले, ते भट्टीत वितळवले आणि तो लाल रस वाळूच्या साच्यात ओतला. थंड झाल्यावर ओतकाम करणाऱ्या कारागिराने साचा फोडून मला बाहेर काढलं, कानशीने घासलं आणि शेजारच्या खलात एकदा दाणकन आपटून पाहिलं. "वाजतोय खणखणीत," तो म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. तेव्हापासून खल आणि मी जोडीने आहोत. आम्ही दोघंही बिडाचे. बीड मजबूत असतं, पण उंचावरून पडलं तर त्याचा टवका उडतो.

दुकानातून मला ताईने घरी आणलं. तिच्या पाठचे दोन भाऊ. त्यांतल्या मोठ्याला मी थोरला म्हणेन आणि लहानाला धाकटा. आईवडील लवकर गेले, म्हणून दोघांना तिनेच वाढवलं होतं. ताईचा हात काय सांगू! मिरी असो, लसूण असो, तीन दणक्यांत काम तमाम. ती कोणावर रागावली असेल त्या दिवशी तर माझी चैनच असायची. वर्षअखेरच्या सुट्टीत ती सगळे नातेवाईक आणि मित्रमंडळी जेवायला बोलवायची. वीस-बावीस माणसं, ओव्हनमध्ये भाजलेली मटणाची मोठी मांडी, आणि तिला चोळायला मी कुटलेला मसाला. पहिला घास घेतल्यावर पाहुणे विचारायचे, "हे मिक्सरमधलं नाही ना?" मी ओट्यावर छाती फुगवून उभा असायचो.

थोरल्याचा फर्निचरचा कारखाना होता आणि धाकटा त्याच्याच हाताखाली काम करायचा. एकदा कामाची घाई होती. यंत्राच्या करवतीवरचं लोखंडी झाकण सारखं मध्ये येतं म्हणून थोरल्याने ते काढून ठेवलं. दुपारी धाकट्याच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या करवतीने नेली. भुशात पडलेली बोटं शोधायला माणसं गुडघ्यांवर बसली होती, असं ताई रडत सांगत होती. थोरला दवाखान्यात गेला आणि एवढंच म्हणाला, "तुझं लक्ष नव्हतं." धाकट्याने त्या दिवसापासून त्याला दादा म्हणणं सोडलं. त्याला तो 'मालक' म्हणू लागला, आणि तो शब्द असा उच्चारायचा की समोरच्याला थोबाडीत बसल्यासारखं व्हावं.

त्याच वर्षीच्या जेवणात ठिणगी पडली. धाकट्याने पाव कापायची सुरी उचलली आणि तो मालकावर धावून गेला. कोटाची बाही फाटली, दंड चिरला, टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर रक्त सांडलं. पुढची दोन वर्षं ताईने एका वर्षी एकाला आणि एका वर्षी दुसऱ्याला बोलावलं. तिसऱ्या वर्षी मात्र ती नवऱ्याला म्हणाली, "यंदा दोघं एका टेबलाला बसले नाहीत, तर यापुढे मी कोणालाच बोलावणार नाही. मला हे असे अर्धे भाऊ नकोत."

तिचा नवरा, म्हणजे भावांचे दाजी, फार सरळ माणूस. त्यांचा एकच प्रश्न होता, "आणि सुऱ्या?"

जेवणाच्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात एक विचित्र काम झालं. दुपारी बारापर्यंत जे काही कापायचं, चिरायचं, सोलायचं होतं ते सगळं उरकलं. मग ताईने भिंतीवरच्या सुऱ्या, कात्री, किसणी, डबे फोडायचं हत्यार, इतकंच काय, बाटलीचं बूच काढायचा स्क्रूसुद्धा एका टॉवेलात बांधला. दाजींनी ते गाठोडं शेजारच्या नर्सबाईंकडे पोचवलं. ताईने दोनदा मोजणी केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मी तिथेच होतो, लसणाने माखलेला, तिच्या कोपराजवळ. माझ्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. मला धार नाही ना!

संध्याकाळी पाहुणे आले. बाहेर खुर्च्या सरकल्या, गप्पा रंगल्या. दोन्ही भाऊ आले आणि एकमेकांकडे न बघता दोन टोकांना बसले. ताई जीव मुठीत धरून वावरत होती. ओव्हनमधून मांडी बाहेर काढल्यावर तिने धाकट्याला ताटं न्यायला आत बोलावलं. तीन बोटांच्या हातातून वरचं काचेचं ताट निसटलं आणि त्याचे फरशीवर तुकडे झाले. आवाज ऐकून थोरला दारात आला.

"लक्ष कुठं असतं रे तुझं?" तो म्हणाला.

तो सहज बोलला असेल. पण धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तेव्हाही हेच म्हणाला होतास, मालक."

"मग खोटं होतं का ते? नव्हतंच लक्ष तुझं!"

धाकट्याने उरलेली ताटं खाली टाकली. त्याने भिंतीकडे पाहिलं, तिथे नुसते खिळे होते. त्याने खण ओढला, त्यात नुसते चमचे होते. मग त्याला मी दिसलो.

त्या तीन बोटांनी मला जसं आवळून धरलं, तसं पाच बोटांनी कोणी कधी धरलं नव्हतं. खरं सांगतो मित्रांनो, लपवत नाही. थोरल्याच्या डोक्याच्या रोखाने हवेतून जाताना मला वाईट वाटलं नाही. मला माझं वजन आवडत होतं. मग मध्ये ताईचा हात आला.

मिरी कशी फुटते, अक्रोड कसा फुटतो, ते आवाज मला पाठ आहेत. हा आवाज वेगळा होता. मनगटाच्या वर तिचा हात भलत्याच जागी वाकला. थोरला दातओठ खात धाकट्याच्या अंगावर गेला, दोघं ओट्यावर आदळले, खल खाली पडला आणि त्याच्या बुडाचा टवका उडाला. काचांमध्ये लोळत ते एकमेकांना गुद्दे घालत होते. एकाचा ओठ फुटला, दुसऱ्याच्या पाठीत काच घुसली. दाजींनी धावत जाऊन नर्सबाईंचं दार बडवलं, तर त्या सुऱ्यांचं गाठोडंच घेऊन बाहेर आल्या. मांडी कापायला हवं असेल, असं त्यांना वाटलं होतं.

ताई ओरडली नाही. भिंतीला टेकून ती फक्त म्हणाली, "जा. सगळे जा." पाहुणे भरल्या ताटांवरून उठले.

मला कोणी धुतलंसुद्धा नाही. खलासकट मला एका गोणत्यात घालून माळ्यावर फेकलं. बिडाला ओलं ठेवलं की गंज चढतो, तसा तो मला चढला. वर्षभर मी अंधारात पडून होतो आणि तोच एक आवाज ऐकत होतो. अपराधी मी होतो की हात, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण लाज मला वाटली, एवढं खरं.

मग एका सकाळी गोणत्याचं तोंड उघडलं. समोर ताई होती. तिने डाव्या हाताने मला उचललं, कारण उजवं मनगट वाकडंच जुळलं होतं. तिने मला घासून गंज काढला. भिंतीवर सगळ्या सुऱ्या टांगलेल्या होत्या.

"अगं, आणि ह्या?" दाजींनी घाबरत विचारलं.

"लपवून काय झालं? हात तर घरातच होते," ती म्हणाली. "दोघांना मी निरोप धाडलाय. जेवायला संध्याकाळी नाही, सकाळीच या. कामाला."

दोघं आले. ताईने त्यांना बसायलाही सांगितलं नाही. "माझ्याच्याने आता कुटवत नाही, आणि खलाचं बूड तुटलंय, तो डुगडुगतो. थोरल्या, तू खल धर. धाकट्या, तू कुट." तिने मूठभर मिरी खलात टाकली आणि ती बटाटे सोलत बसली.

थोरल्याने खलाचा काठ दोन्ही हातांनी धरला. त्याची दहाही बोटं माझ्यासमोर होती. धाकट्याने मला उचललं. पहिला घाव त्याने असा घातला की मिरी उडून ओट्यावर गेली. दुसरा घाव काठाला घासून गेला. राग अजून त्याच्या मुठीत होता, मला तो स्पष्ट कळत होता. थोरल्याच्या कपाळावर घाम आला, पण त्याने हात काढले नाहीत. ताईच्या हातातली सुरी थांबली होती.

तिसऱ्यांदा मी वर गेलो, तेव्हा थोरला खलाकडे बघतच म्हणाला, "ते झाकण मी काढलं होतं. तुझं लक्ष होतं. चूक माझी होती."

मी हवेतच राहिलो. मित्रांनो, माझं वजन तेव्हा मला नकोसं झालं. बटाट्याचं साल सुरीला तसंच लोंबत होतं.

तुम्ही आम्हा वस्तूंची काळजी घ्या. आम्हाला धुवा, कोरडं पुसून ठेवा. पण मला उचलाल तेव्हा समोर कोणाचा हात आहे, ते आधी बघा. धाकट्याने बघितलं.

"बोटं सांभाळ, दादा," तो म्हणाला, आणि कुटायला लागला.